वारा कधीच सावरलाय!

"दार लाव!" मी किंचाळले... पण उशीर झाला होता. वारा आत घुसला आणि आकाशात सोडायला मी इतका वेळ खपून भरलेला हवामानाचा फुगा खिळ्याला लागून फुटला. दारात बर्फाने माखलेला उंच माणूस – ओस्मो, हेलसिंकीचा संशोधक.

"माफ कर," म्हणाला आणि लगेच, "वर वारा कसा आहे?"

अस्सा राग आला मला!

वर वारा उलटा फिरला होता. हिवाळ्यात फिनलंडच्या उत्तर टोकाच्या आमच्या इनारीवर, ढगांच्याही खूप वर, तो पश्चिमेकडून येतो. यंदा तिथली हवा अचानक तापली आणि तो पूर्वेकडून वाहू लागला. तो पूर्ववत होईपर्यंत ओस्मोचा मुक्काम. मी फुगे सोडून दिशा सांगायची, त्याने गणितं करायची.

आणि प्रेमात मात्र मी एकटीनंच पडायचं! तो माझे हातमोजे शेगडीपाशी वाळत घाली, माझ्या कॉफीत, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, आठवणीनं चीजचा तुकडा टाकी, टक लावून बघे... आणि तोंड उघडलं की वारा!

एक दिवस वारा फिरला. "पश्चिम," मी सांगितलं. आता हा जाणार.

"म्हणजे अजून उलटाच," ओस्मो म्हणाला.

"उलटा कसा?"

"पश्चिमेकडे चाललाय ना?"

हे गणितवाले! आम्ही वारा कुठून येतो ते सांगतो, हे कुठे जातो ते. मी समजावलं. त्यानं मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच... तिसऱ्या दिवशीही. शेवटी तो फुग्याच्या खोलीच्या दारात उभा राहून "अजून उलटाच" म्हणाला, तेव्हा मी भडकले.

"अरे, शिकलास की नुसत्या झोपा काढल्यास? वारा कधीच सावरलाय!"

त्याचे कान लाल झाले. "माहीत आहे. ऑफिसला कळवलंय. मी... रजेवर आहे."

"रजेवर? मग मला रोज का छळतोस?"

"वारा सावरला म्हणालो असतो, तर तू निरोपाची कॉफी केली असतीस."

मी कपाळावर हात मारला. "एवढा घोळ घालण्यापेक्षा 'राहू का' म्हणायला काय झालं होतं?"

तो अगदी हळू म्हणाला, "राहू का?"

त्याच्या पाठीमागून बोचरा वारा आत येत होता. माझा फुगा पुन्हा खिळ्याकडे सरकू लागला होता.

"आधी दार लाव," मी म्हणाले. "आतून."