सगळं दोन-दोन

आमच्या रिद्धीने माझ्या मोबाइलवरून परस्पर उड्या मारायच्या दोन दोऱ्या मागवल्या, तेव्हा मी आधी भडकले आणि मग चक्क खूश झाले. भडकले, कारण विचारल्याशिवाय काही मागवायचं नाही असं शंभरदा बजावलं होतं. खूश, कारण "दोन कशाला गं?" म्हटल्यावर पोरगी बोलली.

"एक माझी, एक तिची."

"तिची म्हणजे कुणाची?"

"अगं, तिची!" म्हणून खिदळत पळाली.

माझ्या नोकरीपायी सातपाटीचं भरलं घर, चुलत भावंडं सोडून आम्ही बोईसरला फ्लॅटमध्ये आलो, तेव्हापासून ती घुम्यासारखी बसायची. ना खेळणं, ना धड जेवणं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वर्गात तोंडच उघडत नाही. जीव तुटायचा माझा. पण मी तारापूर एमआयडीसीत केमिस्ट, नवरा प्रदीप बोटीवर. दिवसभर घरी सासूबाईच. मिळाली असेल इमारतीत कुणी मैत्रीण, म्हटलं बरंच झालं.

तरी शिस्त ती शिस्त. खरेदीच्या अ‍ॅपवरच्या खात्याचा पिन बदलला, कुणालाही सांगितला नाही. नियम केला: आवडेल ते दाखवायचं, रविवारी दोघींनी बसून ठरवायचं. रिद्धीने लगेच मान डोलावली.

आणि त्याच आठवड्यात कामावरून येते तर काय, घरात दोन पिवळ्या टोप्या! एक हिच्या डोक्यावर, एक खुर्चीच्या पाठीला अडकवलेली.

मी तडक कमलेशला फोन लावला. उमरोळीचा हा माणूस आमच्याकडे पार्सलं आणतो.

"कमलेशदादा, ओटीपी कुणी दिला तुला?"

"तुमच्या पोरीनी. रिद्धीनी नाय, दुसरीनी."

"मला एकच मुलगी आहे."

"मंग दारात दोघी नाचत होत्या त्या?" तो हसला. "मस्करी करता काय ताई!"

आमच्या प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. आगीची भीती. गेटवरच्या खणात ठेवायचा, कुलूप लावायचं, किल्ली खिशात. ओटीपी आला तेव्हा माझा फोन त्या खणात होता. ऑर्डर गेली तेव्हाही तिथेच होता.

सासूबाई स्वयंपाकघरात बोंबील तळत होत्या. "आई, दुपारी घरी कोण येतं?"

"येते कोनतरी. आमी दोन ताटं वाढतो, दोनी रिकामी होतात."

"तुम्ही पाहिलंय तिला?"

"मला काय दिसते! चष्मा कुठं हाय माझा तेच दिसत नाय." त्यांनी बोंबील उलटला. "पोर हसते, जेवते. आजून काय पायजे तुला?"

मी खातंच बंद करून टाकलं. त्या संध्याकाळी रिद्धीने ताट सरकवलं ते सरकवलंच. पुन्हा तेच खिडकीत बसणं, पुन्हा बाईंचा फोन. हाक मारली तरी वळून बघेना. शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेली ती शिस्त! खातं उघडलं आणि वाढदिवसासाठी माझ्या हाताने दोन फ्रॉक मागवले. एकाच मापाचे, अबोली रंगाचे. रिद्धीने गळ्याला जी मिठी मारली, अहाहा, माझे डोळेच भरून आले.

वाढदिवसाला घर नुसतं दणाणलं. शेजारच्या हेतलने ढोकळा आणला, सासूबाईंनी पोरांना घेऊन फेर धरला. त्या गोंधळात कमलेश दारात. "ताई, ओटीपी सांगा."

मी पर्समध्ये फोन चाचपडत होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी चार आकडे सांगितले. स्वच्छ आवाजात.

सगळी पोरं बाहेर होती. रिद्धी माझ्या कमरेला बिलगलेली.

फोन काढून बघितला. तेच चार आकडे.

"बघ, तिला पाठ आहे!" रिद्धी ओरडली. पोरांना वाटलं खेळ आहे, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. खरं सांगते, मला आनंदच झाला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच कमलेश परत आला.

"एक फ्रॉक बदलून पायजे ना?"

मी काहीच कळवलं नव्हतं. आत जाऊन बघितलं. दुसरा फ्रॉक पलंगावर पडला होता. काखेतली शिवण दोन्हीकडून उसवलेली. उचलला तर कापड कोमट लागलं.

"आता कुठलं माप लिहिलंय?" मी दारात येऊन विचारलं.

"बायकांचा मीडियम," कमलेश म्हणाला.

माझंच माप.

उसवलेला फ्रॉक घेऊन कमलेश जिना उतरला. मी तशीच उंबऱ्यात उभी राहिले.

"आई, ये ना लवकर!" मागून रिद्धीची हाक आली. किती दिवसांनी एवढ्या लाडात!

मी वळले. तिची माझ्याकडे पाठ होती. ती आतल्या खोलीकडे बघत होती.

मी तोंड उघडायच्या आत तिकडून उत्तर आलं.

"आले गं."

रिद्धी हसत आत पळाली.