पाणी आधी, नाव नंतर

“पाणी आधी, नाव नंतर. आणि सगळ्यांना एकाच पेल्यातून.”

माई जाऊन सात वर्षं झाली होती, पण घर सांभाळणाऱ्या मावशींनी ते वाक्य थेट माईंच्या आवाजात म्हटलं आणि मागच्या अंगणातल्या माठातून पितळी पेला भरून भाऊजींपुढे धरला.

भाऊजींनी तो एका हातानं घेतला आणि त्यांचं मनगट खाली गेलं. दुसरा हात लावावा लागला.

“वेगळा ग्लास नाही का?” त्यांनी चाचरत विचारलं.

“या घरात नाही,” मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे रडून सुजले होते.

वहिनींनी भाऊजींच्या हातून पेला घेतला आणि उरलेलं पाणी शांतपणे पिऊन टाकलं. वहिनी खाजगी तपासनीस. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, निवृत्त चित्रकला शिक्षक. चित्रवही काखोटीला मारून ते वहिनींबरोबर हिंडत. वहिनींना जे दिसतं ते आपल्याला का दिसत नाही, हे कोडं त्यांना अजून सुटलं नव्हतं.

ज्या कामकरी बायकांना कोणी उंबऱ्याच्या आत घेत नसे, त्यांना माईंनी या घरात पुढच्या दारानं आणलं, लिहायला शिकवलं, त्यांच्या हक्कांसाठी जन्मभर भांडण मांडलं. घराचं पुढे संग्रहालय झालं. आता छप्पर गळत होतं, बघायला येणारे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आज दुपारी चारला समिती येऊन ठरवणार होती, घर चालू ठेवायचं की कुलूप लावायचं. आणि सकाळी आठला कळलं की काचेच्या कपाटातला माईंचा पेला नाहीसा झालाय.

“माझं ऐकाल तर मावशींची खोली पुन्हा तपासा,” संग्रहालयाचे व्यवस्थापक आपल्या खोलीत म्हणाले. टेबलावर समितीचं पत्र होतं, ‘प्रत्येक वस्तूचं वजन आणि माप तयार ठेवावं.’ शेजारी छोटा तराजू आणि त्यांची पाण्याची बाटली.

“पुन्हा म्हणजे?” वहिनींनी विचारलं.

“सकाळी एकदा झडती घेतली. पण एवढासा हलका पेला, पदराखाली सहज जातो.”

“कपाट शेवटचं कधी उघडलं होतं?”

“माई गेल्या तेव्हा. मावशींनीच पेला घासून आत ठेवला, मी फक्त कुलूप लावलं. माईंची वस्तू ती! मी आजवर हातसुद्धा लावलेला नाही.”

“किल्ल्या?”

“एक माझी, या खिळ्यावर. कोणीही घेईल. दुसरी माईंच्या नातीकडे.”

नात पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. पर्समधून बाटली काढून ती घोटभर पाणी प्यायली.

“समितीनं नाही म्हटलं तर घर माझ्याकडे परत येईल, म्हणून मी चोर, असंच ना?” ती फणकारली. “मला पेला हवा असता तर आजीकडून मागून घेतला असता. लहानपणी मला तो एका हातानं उचलतासुद्धा यायचा नाही.”

रिकाम्या कपाटात निळं मखमली कापड होतं. खिडकीच्या उन्हानं ते विटलं होतं. पेला होता तिथं तेवढा एक गडद गोल उरला होता.

“भाऊजी, मापा.”

“तीन बोटं,” भाऊजी म्हणाले.

भिंतीवर माईंचा फोटो होता. तळहातावर पेला. चारही बोटं झाकून पेल्याचा तळ बाहेर डोकावत होता. भाऊजींनी दोन्ही चित्रं काढली, त्यांच्याकडे पाहून डोकं खाजवलं आणि वही मिटली.

वहिनी परत अंगणात गेल्या. “मावशी, तुम्ही पेला घेतलात?”

“कपाटातला? नाही.”

“माठ इथं मागे कधीपासून?”

“माईंच्या वेळी पुढच्या दारात असायचा. ओल येते म्हणून साहेबांनी हलवला.” मावशींनी पदर डोळ्यांना लावला. “माईंनी मला पुढच्या दारानं आत आणलं होतं, वहिनी. आज साहेब म्हणाले, चौकशी होईपर्यंत मागूनच ये-जा करा.”

तीन वाजता वहिनींनी सगळ्यांना कपाटासमोर बसवलं.

“भाऊजी, दोन्ही चित्रं दाखवा. फोटोतला तळ चार बोटांहून मोठा, कापडावरचा गोल तीन बोटांचा. आणि गोल एकच. म्हणजे या कपाटात पहिल्या दिवसापासून माईंचा पेला नव्हताच.”

नात ताडकन उठली. “मग आजीचा कुठंय?”

“भाऊजी, आल्याआल्या तुमचं मनगट कशानं वाकलं?”

भाऊजींचं तोंड उघडंच राहिलं. “तो... मी त्यातून पाणी प्यायलो!”

“या घरात आलात आणि त्यातून प्यायलात, म्हणून तुमच्या हाताला कळलं. या ताईंची बाटली पर्समध्ये, साहेबांची टेबलावर. काचेआडचं सगळे बघत राहिले.” वहिनी व्यवस्थापकांकडे वळल्या. “साहेब, माईंचा पेला जड. ताईंना आठवतं तसा. तुम्ही मात्र हलका म्हणालात. हात न लावता कसं कळलं?”

मग व्यवस्थापकांनी आपल्या पिशवीतून एक लहान पेला काढून ठेवला.

“काल वजन केलं. जुन्या नोंदीच्या निम्मंही भरेना. खोटा पेला दाखवला असता तर घराचं नाव गेलं असतं. चोरी झाली म्हटलं तर निदान कळवळा...” त्यांचा आवाज फुटला. “सात वर्षं दिलीत मी या घराला.”

“आणि मावशींचं नाव?”

“त्यांनी घेतला म्हटलं तर... लगेच विश्वास बसला असता लोकांचा.”

“हो,” वहिनी हळू म्हणाल्या. “बसला असता. या घरातसुद्धा.”

मावशींनी तो लहान पेला उचलून पदरानं पुसला. “खोटा नाही हो हा. माझ्या आईचा आहे. माईंनी जाताना माझ्याकडून वचन घेतलं, पेला वापरात राहील म्हणून. तुम्ही काचेत ठेवायचं ठरवलंत. तुमच्याशी वाद घालणारी मी कोण? म्हणून हा ठेवला.” त्या थोडं थांबल्या. “सात वर्षं लोक माझ्या आईच्या पेल्यासमोर हात जोडून उभे राहत होते. ती लोकांची धुणी धुवायची. मला काही वाईट वाटलं नाही.”

व्यवस्थापकांनी मान वर केली नाही.

“आता समितीला दाखवायचं काय?” नातीनं विचारलं. रिकाम्या कपाटाकडे बघत, जणू तेच उत्तर देणार होतं.

बाहेर गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला. भाऊजींनी घड्याळ पाहिलं, चारला दहा मिनिटं होती.

मावशी अंगणात गेल्या. परत आल्या तेव्हा माठ कमरेवर होता आणि जड पेला हातात. कोणाची परवानगी न विचारता, भिजलेली पावलं उमटवत, त्या घराच्या मधून पुढच्या दाराकडे निघाल्या.