मेरीच्या बोटाखालचे ठिपके

"एक्सक्यूज मी… ही चहा कोणाची आहे?"

धम्मशीलाने वळून पाहिलं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कम्युनिटी हॉलमध्ये चौदा एप्रिलची गर्दी उसळली होती. स्टेजवर तिचे बाबा, सुखदेव, माइकशी झटापट करत होते. आणि समोर एक उंच मुलगा तिचाच कप हातात धरून उभा होता.

"हा चहा," ती म्हणाली. "आणि तो माझा आहे."

"सॉरी! मी लंडनमध्ये, इल्फर्डला वाढलो. तिकडे आमच्या घरी चहा मुलगी आहे." तो हसला… आणि कप परत द्यायचं विसरून तसाच बघत राहिला.

त्याचं नाव नकुल. मावशीला कार्यक्रमाला घेऊन आला होता. ओळख एवढीच झाली. पण दोनच दिवसांनी धम्मशीला कामावर गेली, तर म्युझियमच्या वर्करूममध्ये हाच मुलगा एक अवजड पेटी उघडत बसलेला! रंगाच्या थराखालचं पाहणारे कॅमेरे बनवणाऱ्या ब्रॅकनेलच्या कंपनीत तो काम करत होता, आणि तिचंच चित्र तपासायला त्याला पाठवलं होतं.

तिचं म्हणजे… वर्षभर तिने जपलेलं. लाकडी फळीवरचं छोटं चित्र: मांडीवर बाळ येशू घेतलेली मेरी, बाळाच्या पावलाखाली तिचं एक बोट. शंभर वर्षं त्याच्याखाली 'नक्कल, चित्रकार अज्ञात' अशी पाटी होती. चित्रांची दुरुस्ती आणि सफाई हे धम्मशीलाचं काम. सफाई करताना त्या बोटापाशी तिला रंगाचा एक बारीक उंचवटा जाणवला. जणू चित्रकाराने बोट आधी दुसरीकडे काढलं होतं, मग मन बदललं होतं. नक्कल करणारा कशाला मन बदलेल? एवढ्या आधारावर तिने चाळीस पानांचा निबंध लिहिला. हे चित्र पाचशे वर्षांपूर्वीच्या फ्लोरेन्समधल्या मातेओ या नामवंत चित्रकाराचं, खुद्द त्याच्या हातचं. वीस मेला, शुक्रवारी दुपारी दोनला, पत्रकारांसमोर तसं जाहीर व्हायचं होतं. तिचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं. "ही बातमी एकदा येऊ दे, मग तुला कायम करून घेते," असं तिची बॉस हेलन म्हणाली होती.

नकुल दर मंगळवारी यायचा. कॅमेरा चित्रावरून मुंगीच्या गतीने सरकायचा. जमीन जराही हलली की फोटो बिघडे, म्हणून दोघांना चाळीस-चाळीस मिनिटं शेजारी निश्चल बसावं लागे. बाहेर पावसाची भुरभुर. आत यंत्राची घरघर.

"तू श्वास घेतलीस," तो कुजबुजायचा. "इमेज हलला."

"हलली. आणि श्वास घेतलास. आणि मी नाही घेतला."

"मग मी घेतलो असेन… तू इतक्या जवळ बसतेस."

ती स्क्रीनकडे बघत राहायची. पण खुर्ची मागे घ्यायची नाही.

शेवटच्या मंगळवारी कॅमेरा मेरीच्या बोटापाशी पोचला. स्क्रीनवर आकार उमटू लागला, आणि धम्मशीला पुढे वाकली.

ठिपके. बोटाच्या कडेने बारीक काळे ठिपके, एकामागोमाग एक, सारख्या अंतरावर. तिची आई, नंदा, साडीवर भरतकामाची नक्षी अशीच उतरवायची. कागदाला टाचणीने भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायची आणि निळीत बुडवलेला बोळा वरून फिरवायची. हाही तसाच, दुसऱ्या चित्रावरून उतरवलेला छापाच होता. बोट बरोब्बर ठिपक्यांवर बसलेलं, केसभरही इकडेतिकडे नाही. मग तो उंचवटा? खाली एक जुनी चीर होती. कुणीतरी कधीतरी ती पुट्टी भरून बुजवली होती, बस्स. मन कुणाचंच बदललं नव्हतं.

"हे… वाईट आहे का?" नकुलने हळूच विचारलं.

"माझा अख्खा निबंध या एका बोटावर उभा आहे."

त्याने स्क्रीनवरच्या फायली मोजल्या. मग म्हणाला, "पंधरा इमेजेस आहेत. रिपोर्टमध्ये चौदा असतील तर कोण मोजणार?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठांपर्यंत आलेला 'नको' तिथेच राहिला. ती कोट घेऊन निघून गेली.

बुधवारी रिपोर्ट आला. चौदा इमेजेस. हेलनने तिला मिठीच मारली. धम्मशीलाने डबा न उघडताच परत नेला. दर रविवारी विहारात ती बाबांशेजारी बसून पंचशील म्हणायची. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. आणि इथे तर तिने बोलायचेही कष्ट घेतले नव्हते, नुसती गप्प बसली होती.

गुरुवारी संध्याकाळी नकुल ब्रॅकनेलहून ड्राइव्ह करत तिला भेटायला आला. चेहरा खुललेला, हातात पिवळी फुलं.

"हे काय करून बसलास तू?" तिने फुलांकडे पाहिलंही नाही.

"तुझ्यासाठी केलं."

"मी सांगितलं होतं?"

"नको म्हणालीस?"

हे वर्मी लागलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "उद्या मला एखादी गोष्ट सोसणार नाही असं वाटलं, की तू तीही लपवशील. मग तुझं कुठलं बोलणं खरं मानू मी, नकुल?"

त्याने फुलं कुंपणाच्या भिंतीवर ठेवली आणि गाडीत जाऊन बसला.

शुक्रवारी सकाळी आठला तिने आधी बाबांना फोन केला, मग हेलनच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. मंगळवारी आपण गप्प राहिलो, हेसुद्धा. हेलनचा चेहरा पांढराफटक पडला.

"पाहुण्यांना आमंत्रणं गेलीत, धम्मशीला. नुसत्या तुझ्या शब्दावर मी हे रद्द करू शकत नाही. ती इमेज कुठाय?"

ती फक्त नकुलच्या लॅपटॉपवर होती. धम्मशीलाने फोन लावला.

"ती फाइल घेऊन ये. दोनच्या आत."

तिला पलीकडे लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. मग, "माझी नोकरी जाईल."

"माहितेय."

"आणि तुझी?"

"तीही… बहुतेक."

फोन कट झाला.

अकरा वाजले. बारा वाजले. हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या, चित्रावर लाल मखमल चढली. तिने दोनदा फोन लावला, त्याने उचलला नाही. एक वाजता पहिला पत्रकार आला. दीड वाजता हेलन घड्याळ पाहत म्हणाली, "पुरावा नसेल तर मला कार्यक्रम सुरू करावा लागेल."

एक पन्नासला दार ढकलून नकुल आत आला. घामाघूम, धापा टाकत. "मोटरवे बंद होता," एवढंच म्हणून त्याने लॅपटॉप हेलनसमोर उघडला. स्क्रीनवर ते बोट, ते ठिपके.

"ही इमेज मी काढून टाकली होती," तो इंग्रजीत म्हणाला. नजर खाली गेली नाही. "तिने मला तसं सांगितलं नव्हतं. माझ्या कंपनीला मी सकाळीच कळवलंय."

हेलनने ती इमेज पुन्हा पुन्हा निरखली. मग उठून हॉलमध्ये गेली आणि जमलेल्या लोकांची माफी मागितली. चित्र मातेओचं म्हणायला आधार उरला नाही, पाटी 'नक्कल' अशीच राहील. खुर्च्या सरकल्या, कुजबुज झाली, लोक पांगले. परत आल्यावर ती धम्मशीलाला म्हणाली, "जूननंतरचं मी काहीच सांगू शकत नाही. पण मंगळवारीच आली असतीस तर बरं झालं असतं."

"हो," धम्मशीला म्हणाली.

कार पार्कमध्ये नकुल गाडीला टेकून उभा होता. ती त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"फोन का उचलला नाहीस?"

"उचललो असतो, तर तू म्हणाली असतीस, राहू दे, नको येऊ. आणि मग मी…" त्याने मान हलवली. "मला यायचं होतं. तुझ्यासाठी नाही, म्हणजे तुझ्यासाठी पण… सोमवारी ऑफिसमध्ये चौकशी आहे. बहुतेक काढतील."

"मग काय करशील?"

"माहीत नाही. तू अजून रागावलीयस?"

"आहे. तुझ्यावर थोडी, माझ्यावर जास्त." तिने श्वास घेतला. "संध्याकाळी घरी जेवायला ये. बाबांना सांगितलंय मी."

"काय सांगितलंयस?" तो दचकून ताठ उभा राहिला.

"की एका मुलाने माझ्यासाठी खोटेपणा केला… आणि मला त्याचा भयंकर राग आलाय… आणि तरी माझं त्याच्यावर प्रेम आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला. पापण्या तेवढ्या हलल्या.

"मग… बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, खोटं बोलणारा मुलगा घरात नको. मी म्हटलं, बाबा, एकदाच बोलला. आणि तेही त्याला धड जमलं नाही."

नकुल हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने हात पुढे केला. मध्येच थांबला… तिचा हात घेऊ की नको, अशा संभ्रमात.

धम्मशीलानेच तो हात हातात घेतला.