उजव्या हातातली ढाल

"बाई, दादाची वही चोरली."

फोनवर गौतमीचा आवाज इतका कोरडा होता की मथुराबाईंनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"कुणी चोरली?"

"अनिकेतनं. तुमच्याच अनिकेतनं."

तासाभरात गौतमीची स्कूटर मळमड्डीतल्या बाईंच्या फाटकाशी थांबली. अंगावर दवाखान्यातला नर्सचा गणवेशच होता. ती बसली नाही. उभ्याउभ्याच तिनं मोबाइल पुढे केला.

पडद्यावर सहा चित्रं होती. हैदराबादच्या एका कंपनीनं आपल्या येणाऱ्या चित्रपटाची जाहिरात केली होती. कल्पनेतलं राज्य, डोंगरावरचं पांढरं नगर, खांबांची रांग, राजवाड्याच्या भिंतीवर कोरलेली सैनिकांची मिरवणूक. खाली लिहिलं होतं, 'कलादिग्दर्शक अनिकेत यांची मूळ रेखाटनं, जानेवारी.'

मथुराबाईंनी धारवाडच्या कला महाविद्यालयात एकतीस वर्षं कलेचा इतिहास शिकवला होता. त्या खांबांचे माथे पाहताच त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. ग्रीक खांबाच्या माथ्यावर असते तशीच नक्षी, पण त्यांच्या काटेरी पानांच्या जागी जोंधळ्याची कणसं. असं सुचणारा एकच मुलगा त्यांच्या हाताखालून गेला होता.

बुद्धभूषण, गौतमीचा दादा. पहिल्या वर्षाला असताना त्यानं ग्रंथालयातलं गांधार बुद्धाचं छायाचित्र त्यांच्यापुढे धरलं होतं. "बाई, हे चीवर आपल्याकडचं दिसत नाही. ह्या चुण्या कुणी शिकवल्या?" बाईंनी सांगितलं, ग्रीकांनी. तेव्हापासून तो ग्रीक मूर्तींच्या आणि मडक्यांवरच्या चित्रांच्या मागे लागला तो शेवटपर्यंत. दीड महिन्यापूर्वी डेंगीच्या तापानं चार दिवसांत तो गेला. वय तेहतीस.

"वही कशी होती?" बाईंनी विचारलं.

"जाड काळं पुठ्ठ्याचं कव्हर. तारेनं गुंडाळलेली. सगळं त्यातच काढायचा. कुणाला हात लावू द्यायचा नाही."

"शेवटची कधी पाहिलीस?"

"गेला त्या सकाळी. त्याच्या उशाशीच होती. दुपारी अंत्ययात्रा निघाली. संध्याकाळी बघते तर नाही."

"अनिकेत आला होता?"

"आला होता. मी अंघोळीच्या पाण्याचं बघत होते. तो दादाच्या उशाशी पाच मिनिटं उभा होता."

"आणखी कोण गेलं त्या खोलीत?"

"आई. मामा. आई तर हलतच नव्हती तिथून."

"आईंना विचारलंस?"

"नाही. वही हरवली हे तिला कळलं तर ती खचेल. तिला काहीच सांगितलेलं नाही." गौतमी थांबली. "बाई, मला त्यांच्याकडून काही नको. पडद्यावर दादाचं नाव यायला हवं. त्यानं आईला सांगितलं होतं, थेटरात नेऊन तुला माझं नाव दाखवतो."

बाई पुन्हा चित्रांकडे वळल्या. मिरवणुकीतले सैनिक डावीकडे चालले होते. डोक्यावर तुऱ्यांची शिरस्त्राणं, उजव्या हातात गोल ढाल, डाव्या हातात भाला. त्या बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "मला कागद बघायचे आहेत. मोबाइलमध्ये चित्र उलटसुलट होऊ शकतं."

बुद्धभूषणला त्या कामावर त्यांनीच पाठवलं होतं. अनिकेतला, आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, फोन करून म्हणाल्या होत्या, "हा मुलगा घे, तुझं काम सोनं होईल." स्कूटरवर मागे बसून जाताना ते वाक्य त्यांना सारखं आठवत होतं.

नवनगरच्या एका गोदामात चित्रपटाची कार्यशाळा होती. बराचसा देखावा हैदराबादला रवाना झाला होता. राहिले होते भिंतीला टेकवलेले प्लॅस्टरचे साचे, रिकामे डबे आणि राळेचा उग्र वास. साचेकाम करणारा यल्लाप्पा गोणपाटावर बसून अवजारं पुसत होता.

अनिकेत लगबगीनं पुढे आला. बाईंच्या पाया पडला. मग गौतमी दिसली आणि त्याचा चेहरा उतरला.

"रेखाटनं पाहायला आले," बाई म्हणाल्या. "कागदावरची."

ती आतल्या टेबलावर चौकटीत घालून ठेवली होती. प्रदर्शनासाठी दोन दिवसांनी जायची होती. बाईंनी चष्मा पुसला आणि मिरवणुकीचं चित्र जवळ घेतलं. ढाल उजव्या हातातच होती.

"कधी काढलीस?"

"जानेवारीत. काम सुरू व्हायच्या आधी."

"मूळ हीच?"

"हीच, बाई."

"बुद्धभूषणचं काय काम होतं इथं?"

"मातीकाम. मी सांगायचो, तो घडवायचा. हात चांगला होता त्याचा." अनिकेत खाली पाहत बोलत होता.

"त्याची वही तू नेलीस?" गौतमीनं एकदम विचारलं.

"नाही!" तो इतक्या जोरात म्हणाला की यल्लाप्पानं मान वर केली. "शपथ घेतो. मी वहीला हातसुद्धा लावला नाही."

बाईंना तो खरं बोलतोय असं वाटलं, आणि त्याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

त्या बाहेर यल्लाप्पाकडे आल्या. "यल्लाप्पा, हा सैनिकांचा साचा कधी काढला?"

"जूनमध्ये, अक्का. बुद्धण्णानं मातीत भिंत केली, तिच्यावर आम्ही प्लॅस्टर ओतलं. मग साच्यातनं फायबरची भिंत काढली. ती गेली हैदराबादला."

"भिंतीचा फोटो आहे?"

"हौद्री. आहे की."

त्याच्या फोटोत पांढरी भिंत होती आणि तिच्यापुढे बुद्धभूषण, केसांत माती, हसत उभा. गौतमीनं तोंड फिरवलं. बाईंनी मात्र भिंतच पाहिली. सैनिक उजवीकडे चालले होते. ढाली डाव्या हातात.

मग त्या साच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. गोदामाच्या दारातून तिरपं ऊन येत होतं. त्या उन्हात साच्यातले खोलगट सैनिक उठावाचे वाटत होते, जणू बाहेर आलेले. आणि ते डावीकडे निघाले होते.

"गौतमी," बाईंनी हळूच विचारलं, "अस्थी गोळा करायला कोण गेलं होतं?"

"मी आणि मामा. का?"

"राखेत वेगळं काही सापडलं?"

"नाही." तिनं आठवून पाहिलं. "एक तार होती. जळून काळी पडलेली, वेटोळी वेटोळी. मामा म्हणाले, तिरडीची असेल. टाकून दिली."

बाईंनी डोळे मिटले. क्षणभरानं त्यांनी अनिकेतला हाक मारली.

"बस अनिकेत. यल्लाप्पा, तूही ऐक."

कुणीच बसलं नाही.

"ग्रीक सैनिक ढाल डाव्या हातात धरायचा," बाई वर्गात बोलत तशा सावकाश बोलू लागल्या. "भाला उजव्या. ढाल स्वतःला झाकायची आणि डावीकडच्या सोबत्यालाही. सगळी फळी त्यावर उभी असायची. बुद्धभूषणला हे झोपेतही माहीत होतं. फोटोतल्या भिंतीवर ढाली बरोबर डाव्या हातात आहेत. तुझ्या कागदावर उजव्या हातात. तू म्हणतोस, आधी कागद, मग भिंत. मग भिंत घडवताना सगळी मिरवणूक उलटी फिरली कशी?"

"मातीत करताना बदललं असेल."

"एक हात बदलला असता तर मानलं असतं. इथं चालण्याची दिशा बदलली, तुरे फिरले, तिसऱ्या सैनिकाच्या गालावरचा व्रणसुद्धा दुसऱ्या गालावर गेला. असं एकाच ठिकाणी होतं." त्यांनी बोट दाखवलं. "साच्यात. साच्यात उजवं ते डावं होतं. ही चित्रं जानेवारीतली नाहीत, अनिकेत. साचा जूनचा आहे. भिंत निघून गेल्यावर तू ह्या साच्यांचे मोबाइलवर फोटो काढलेस आणि ते समोर ठेवून चित्रं काढलीस. तिरप्या उजेडात खोलगट आकार उठावाचा दिसला आणि घाईत तुझ्या लक्षात आलं नाही."

अनिकेतनं साच्यातल्या ढालीवर बोट ठेवलं. मग काढून घेतलं.

"का केलंस?"

"सुरुवातीला खांबांच्या मातीच्या नमुन्यांचे फोटो मीच कंपनीला पाठवले. त्यांनी विचारलं, डिझाइन कुणाचं? मी म्हटलं, आमचं. त्यांनी माझं नाव घातलं. बुद्धाला सांगू सांगू म्हणत राहिलो. तो गेला, आणि मग त्यांनी मूळ रेखाटनं मागितली." त्यानं डोळे पुसले. "बाई, खांबावर कणसं मला कधीच सुचली नसती. तुम्हालाही माहीत आहे ते."

"माहीत आहे."

"आणि वही?" गौतमी पुढे आली. "वही कुठंय?"

"ती त्याच्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "असती तर त्यानं वहीतून उतरवलं असतं आणि ढाल डाव्या हातात राहिली असती. साच्याकडे तो गेला तो वही नव्हती म्हणूनच."

अनिकेतनं तिथंच बसून कंपनीला पत्र लिहिलं. रेखाटनं खोटी आहेत, संपूर्ण संकल्पना बुद्धभूषणची आहे, साक्षीला यल्लाप्पा आणि साचे आहेत. त्यानं वाचून दाखवलं, पाठवलं. मग तो बाईंच्या पाया पडायला वाकला. बाईंनी पाय मागे घेतले. त्याला त्यांनी इतर कुणाहूनही मन लावून शिकवलं होतं.

बाहेर स्कूटरपाशी गौतमी थांबली. "बाई, राखेतली तार..."

"वहीची होती. त्या सकाळी त्या खोलीतून कोण हललं नव्हतं?"

गौतमीनं हँडल घट्ट धरलं. "आई."

कमरीपेठेतल्या घरात भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि आता शेजारी तिसरी तसबीर होती. गौतमीच्या आईनं, रुक्मिणीबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला. गौतमीनं पत्राचं सांगितलं. नाव येणार, म्हणाली. वहीचा शब्द तिनं काढला नाही.

रुक्मिणीबाईंनी ऐकून घेतलं. मग आपणहूनच म्हणाल्या, "त्याची वही मी त्याच्याबरोबर दिली. चादरीखाली, उशाला. पेन्सिलपण ठेवली. भंतेजींना विचारलं नाही. आपल्यात असलं करत नाहीत, मला कळतं. पण तिच्याशिवाय तो कधी निजला नव्हता." त्यांनी दोघींकडे पाहिलं. "चुकलं का गं माझं?"

मथुराबाईंच्या डोळ्यांपुढे ती शंभर-दीडशे पानं आली. आता ती कुणीच पाहणार नव्हतं. एकतीस वर्षं चूक आणि बरोबर सांगणाऱ्या बाईंनी उत्तरासाठी गौतमीकडे पाहिलं.

"नाही आई," गौतमी म्हणाली. "बरं केलंस."

"ठेवायच्या आधी मी सगळी पानं उलटली," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "घोडे होते, देवळं होती. मला काय कळतंय. शेवटच्या पानावर मात्र मी होते. हीच माझी नाकातली चमकी, हेच लुगडं. ताठ उभी. डोक्यावर घराचं छप्पर. बाई, हे असं कशाला काढलं असेल त्यानं?"

"ग्रीकांच्या एका देवळाला अशा बाया आहेत," मथुराबाई कशाबशा म्हणाल्या. "खांबांच्या जागी. दगडाच्या. देवळाचं छप्पर त्यांनीच तोललंय. अडीच हजार वर्षं होत आली."

"आणि त्यांच्यात त्यानं मला उभं केलं?"

"हो."

रुक्मिणीबाईंनी आपला हात डोक्यावर, पांढऱ्या झालेल्या केसांवर ठेवला, आणि तो तिथंच राहू दिला.