दिवसाउजेडीचा कॅमेरा

महागडा कॅमेरा खपला, तर चंदनाला ल्युना मिळणार होती. आठ महिने तो सांगलीतल्या त्यांच्या दुकानात काचेआड धूळ खात पडला होता, म्हणून जिनदत्तअण्णांनी लेकीला तसा शब्दच दिला होता. त्यामुळं फाल्गुनातल्या त्या दुपारी कऱ्हाडचा मुकुल लग्नांच्या शूटिंगसाठी कॅमेरा घ्यायला पायऱ्या चढला, तेव्हा चंदनाला आधी ल्युनाचा हॉर्न ऐकू आला. त्याचे डोळे नंतर दिसले... किंचित पिंगट.

त्यानं बोट ठेवलं ते नेमकं स्वस्त कॅमेऱ्यावर.

"उन्हात झकास," ती म्हणाली. "पण दिवस कलला की पडद्यावर नुसत्या मुंग्या."

"आणि तो पलीकडचा?"

"समईच्या उजेडातसुद्धा नवरीची पापणी दाखवील. पैसे मात्र दुप्पट."

मुकुल घुटमळला. "आईच्या पाटल्या आहेत तशा..."

ल्युना जणू दारातच येऊन उभी होती. चंदनानं एकदा तिच्याकडं बघून घेतलं, आणि एक सुस्कारा सोडला.

"पाटल्या राहू द्या आईच्या हातात. स्वस्तातलाच न्या — आणि आमच्या जैनांची लग्नं घ्या. दिवस मावळल्यावर आम्ही जेवत नाही, म्हणून मांडव उन्हातच उरकतो. मुंग्यांची गाठच पडायची नाही."

"तुम्ही दुकान चालवता की बुडवता?"

"गिऱ्हाईक बघून ठरवते," ती म्हणून गेली... आणि तिचे कान तापले.

वैशाखापर्यंत मुकुलनं अकरा लग्नं टिपली. दर लग्नाआधी कोरी कॅसेट घ्यायला तो सांगलीला यायचा.

"कऱ्हाडातल्या कॅसेटी संपल्या वाटतं?"

"आहेत की. पण तिथं कुणी चिडवत नाही."

बारावं लग्न चंदनाच्या चुलतभावाचं, सम्मेदचं. मांडव कृष्णाकाठीच होता. पंगती उठत आल्या, तेव्हा मुकुल घाटावर नदी टिपत बसला होता. चंदना ताट घेऊन आली.

"जेवा आता. दिवस चाललाय."

"तुम्ही जेवलात?"

"तुम्हाला शोधत फिरले, ते राहिलंच." ती पायरीवर टेकली. पाण्यावर केशर सांडलं होतं, आणि वाऱ्यानं तिच्या गजऱ्यातलं एक फूल त्याच्या बाहीवर येऊन पडलं. त्यानं ते झटकलं नाही... तिनंही मागितलं नाही.

"परवा इचलकरंजीचे पाहुणे येतायत," ती हळूच म्हणाली. "मला बघायला."

पलीकडचा काठ पुसट झाला, मग दिसेनासा झाला.

"त्यांना सांगा..." मुकुल अडखळला.

"काय?"

"की... उशीर केलात. मी फाल्गुनातच बघून ठेवलंय."

"एवढं बोलायला सूर्य बुडवलात!" ती हसली, डोळे मात्र भरले. "आता माझं जेवण गेलं."

"मग माझंही."

"तर उपाशीपोटी सांगते — मला तुम्हीच हवे आहात."

पायरीवर ठेवलेल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता. तेवढा मात्र दोघांनाही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी, काय ठेवायचं नि काय कापायचं हे ठरवायला, अण्णांनी कॅसेट दुकानातल्या टीव्हीवर लावली. समोर मुकुल, गल्ल्यावर चंदना. अक्षता झाल्या, पंगती झाल्या, नदी आली... आणि पडदाभर मुंग्या. दिसत काही नव्हतं, पण आवाज खणखणीत.

'उपाशीपोटी सांगते —'

मुकुल बटणाकडं झेपावला.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी चष्मा काढला. "अंधारात आंधळा हाय, पर बहिरा न्हाई तुझा कॅमेरा." मग लेकीकडं वळले. "आन् तू? पोट दुखतंय म्हणून झोपलीस व्हय काल?"

चंदना गल्ल्यातली चिल्लर उगाच पुन्हा मोजू लागली.

"आमच्यात रात्रीचं जेवण न्हाई, गड्या. किती दिस निभंल तुला?"

"कालच सोडलं, अण्णा," मुकुल म्हणाला. "मोजायचं नाही ठरवलंय."

अण्णांनी मुंग्यांसकट टीव्ही बंद केला. मग त्यांनी इचलकरंजीला फोन लावला.

चंदनाची ल्युना गेली ती गेलीच. महागडा कॅमेरा काचेतच राहिला. इचलकरंजीकरांचे पोहे वाचले. खरी किंमत मोजली ती कऱ्हाडात मुकुलच्या आईनं. पाटल्या हातात शाबूत राहिल्या, पण त्याच हातांनी तिला रोज उन्हं असतानाच भाकऱ्या थापाव्या लागल्या... शेजारी सून पीठ मळत गुणगुणत असायची, म्हणून तिनं कधी तक्रार केली नाही, इतकंच.