दिओनांच्या गाठी

रोलांदचा फोन आला तेव्हा ओदिल वाटाण्याच्या सूपमध्ये मीठ घालत होती. दुपारच होती, पण वाऱ्यानं भुरभुरीत बर्फ असा काही उधळला होता, की खिडकीतून सेंट लॉरेन्स नदीचं पात्रही दिसेनासं झालं होतं.

"वन्सं, त्या झोपडीचं दार सकाळपासून आपटतंय," रोलांद, तिची भावजय, म्हणाली. "कडी लावून याल? माझं मन नाही धजत तिकडे."

"जाते की," म्हणत ओदिलनं कोट चढवला.

झोपडी तिच्या भावाची, रेआलची. नदीत खांब रोवून तो वाम मासे धरायचा आणि तिथं धुरावर टांगायचा. गेल्या ऑक्टोबरात ते खांब उपसताना तो चिखलात गुडघ्यांवर बसला, तो उठलाच नाही. चाळिशीही गाठली नव्हती. बापही असाच गेला होता, अंगणातला बर्फ उपसताना. दिओन घराण्यातले पुरुष कामानं मरतात, असं गावात म्हणायचे. दोघांच्याही बोटांच्या पेरांवर आणि टाचांमागे टणक गाठी होत्या. त्यांनाही लोक कष्टाचीच खूण समजायचे.

तशाच गाठी ओदिलच्या टाचांवर आल्या, तेव्हा ती गुपचूप शहरातल्या डॉक्टरकडे जाऊन आली होती. रेआल तेव्हा धडधाकट होता. डॉक्टरांनी रक्त तपासून समजावलं, की कोलेस्टेरॉल जन्मापासूनच भलतं वाढलेलं आहे. खाण्यापिण्याचा दोष नाही, बापाकडून आलंय. भावंडांत, लेकरांत कुणालाही असू शकतं, आणि हृदयावर अवेळी घाला घालतं. पण औषध आहे. "घरच्यांना सांगा. लवकर सांगा."

तिनं सांगितलं नाही. त्याआधीच्या नाताळच्या जेवणात सगळ्यांदेखत रेआल तिला म्हणाला होता, "आईला वृद्धाश्रमात टाकलंस तू. तिथंच मेली ती." त्यानं आधी येऊन माफी मागावी, मग सांगू, असं तिनं मनाशी धरलं. आज येईल, उद्या येईल, म्हणता म्हणता उन्हाळा सरला. स्वतःची गोळी मात्र ती रोज न चुकता घेत होती.

झोपडीपाशी पोचली तर दार आपटत नव्हतं. घट्ट मिटलेलं होतं. आतून लाकूड फोडल्याचा आवाज येत होता. ठक्... मग धाप लागलेला श्वास... ठक्.

रोलांदनं कुणाला तरी कामाला बोलावलं असेल, असं म्हणून तिनं दार ढकललं.

आवाज थांबला. आत जुन्या धुराचा, माशांच्या तेलाचा आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. चूल थंडगार होती. मागच्या भिंतीशी, टांगायच्या दांड्यांखाली कुणीतरी पाठमोरं वाकून बसलं होतं. काळोखात फक्त ओंडक्यावर टेकलेला हात दिसत होता. पेरांवर गाठी होत्या. बोटांवरून नदीचा काळा चिखल ओघळत होता.

"ताई..."

आवाज रेआलचा होता.

"डॉक्टर काय म्हणाले गं?"

ती डॉक्टरकडे गेल्याचं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कुठला... कुठला डॉक्टर?"

श्वास जड झाला. तिच्या अगदी कानापाशी आला. भिंतीशी बसलेलं ते मात्र हललं नव्हतं.

"माझं राहू दे... नोएमीचं काय?"

नोएमी त्याची एकुलती एक पोर. अजून तिचे दुधाचे दात पडत होते. ओदिल तिथंच खाली बसली आणि रडत रडत सगळं बोलून गेली. शेवटी म्हणाली, "रागात होते रे मी..."

तो हात सावकाश काळोखात ओढला गेला.

ती तशीच धडपडत रोलांदकडे गेली. झोपडीत काय पाहिलं ते सांगायची हिंमत झाली नाही, पण बाकी काही लपवलं नाही. रोलांद टेबलाची कड धरून उभी होती.

"तो खांब उपसायला गेला, त्या सकाळी तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"तुमच्याच दारावरून गेला ना तो?"

"हात केला होता त्यानं... मी पडदा ओढून घेतला."

रोलांदनं तोंड फिरवलं. तशीच म्हणाली, "उद्या गाडी काढा. पोरीला घेऊन जाऊ. पण माझ्याशी बोलू नका."

नोएमीच्या रक्तात ते निघालं. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले, आणि उपचार सुरू झाले. दर खेपेला ओदिलच गाडी चालवायची. ते 'वेळेत' तिला काट्यासारखं सलत राहायचं.

बर्फ वितळू लागला तेव्हाची गोष्ट. तपासणीहून परतताना मागच्या सीटवर मेपलच्या पाकाची गोळी चघळत नोएमीनं विचारलं, "आत्या, एर्मीन कोण गं?"

"कोण एर्मीन?"

"बाबा विचारतात. झोपडीत लाकडं फोडायची थांबतात आणि म्हणतात, आत्याला विचार, एर्मीनला सांगितलं का?"

ओदिलनं गाडी कडेला घेतली.

तिनं नदीकाठच्या झाडून सगळ्या दिओनांना फोन केले. म्हाताऱ्या पाद्रींना विचारलं. बापाचं बाहेर कुठं लेकरू होतं का, हेही लाज गुंडाळून विचारलं. एर्मीन कुणालाच माहीत नव्हती. रोलांदनं माणसं लावून झोपडी पाडली, लाकडं जाळून टाकली.

मग मे महिन्यात एके सकाळी, पावाला लोणी लावता लावता, नोएमी सहज म्हणाली, "आत्या, आता बाबा विचारत नाहीत."

ओदिलनं सुटकेचा निःश्वास सोडला.

"झोपडी होती तिथं आता त्यांच्या शेजारी एक बाई बसलेली असते. बाबांसारख्याच गाठी आहेत तिच्या बोटांवर."