मागच्या दाराचं आतलं हँडल

दुपारचे साडेतीन.

मिस्त्रीने गाडीचं मागचं डावं दार बाहेरून उघडलं. आतून कोणीतरी दोनदा वाजवलं होतं, म्हणून उघडलं.

आत कोणी नव्हतं.

ही घटना घडलेली आहे. रात्र नव्हती, वीज गेली नव्हती. वर्कशॉपच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं आणि समोरच्या गॅरेजात कोणीतरी हॉर्न वाजवून बघत होतं. ज्यांच्याबाबत हे घडलं ते दोघं, भाऊ आणि बहीण, आजही त्याच वर्कशॉपमध्ये काम करतात. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. दोघांच्या सांगण्यात एकाच जागी फरक पडतो. तो शेवटी येईल.

भाऊ म्हणजे मिस्त्री. जुन्या गाड्यांच्या बॉडीचं काम करतो, लाकूड आणि पत्रा दोन्ही. बहीण गाड्यांच्या सीटा आणि वरचे कापडी टप शिवते. तोंडात सतत टाचण्या धरलेल्या असतात, म्हणून तिला सगळे टाचणीच म्हणतात. बोलायचं झालं की ती टाचण्या ओठांच्या एका कोपऱ्यात सरकवते आणि तेवढ्या फटीतूनही दादाला चार शब्द सुनावते. आईवडील गेल्यापासून घरात ही दोघंच.

गाडी मोठ्या घरातली होती. त्या काळी हौशी श्रीमंत लोक कंपनीकडून फक्त सांगाडा आणि इंजिन घ्यायचे. वरची बॉडी दुसऱ्या कारागिरांकडून, आपल्या मर्जीप्रमाणे, हाताने घडवून घ्यायचे. आत लाकडी चौकट, तिच्यावर ठोकून बसवलेला पत्रा, वर उघडझाप होणारा कापडी टप. अशी गाडी एकदाच बनायची. गाडीच्या आताच्या मालकाच्या काकांनी ही लग्नानंतर काकींसाठी बनवून घेतली होती. काकी गेल्यावर ती गोदामात ताडपत्रीखाली पडून राहिली.

मिस्त्रीचा नियम साधा. जे होतं तेच परत करायचं. किडलेला तुकडा काढायचा, नव्या लाकडावर ठेवायचा आणि तस्साच नवा कापायचा. मध्येच आपली अक्कल पाजळायची नाही.

दारांचं अस्तर उसवलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं...

मागच्या दोन्ही दारांना आतून हँडल नव्हतं.

तुटलेलं नव्हतं. मुळातच नव्हतं. हँडलसाठी लाकडाला भोक पाडावं लागतं, ते पाडलंच नव्हतं. काच खाली करायचीही सोय नाही. पुढे, चालकाच्या पाठीमागे, जाड काचेचा पडदा. टप लावला की मागे बसलेल्या माणसाला आपणहून उतरता येणार नाही, अशी ती जागा होती.

त्याने मालकाला फोन केला. मालक हसला.

"अहो मिस्त्री, काकी कधी स्वतःच्या हाताने दार उघडून उतरल्याच नाहीत! काका उघडायचे. इतका जीव होता त्यांचा. आमच्या घरात अजून कौतुकाने सांगतात."

"आणि टप?"

"टप कायम लावलेला. काकींना वारा सोसायचा नाही, असं काका म्हणायचे."

मिस्त्रीने फोन ठेवला. टाचणीच्या कानावर सगळं पडलं होतं.

"उघड्या टपाची गाडी घ्यायची आणि टप उघडायचाच नाही. वा रे हौस!" ती म्हणाली. "दादा, तू हँडल बसव बाबा त्या दारांना."

"नव्हतं."

"नव्हतं म्हणूनच बसव म्हणतेय ना."

"उद्या म्हणशील टेपरेकॉर्डर बसव."

"बसव की. त्या बिचारीला उतरता आलं नाही, निदान गाणी तरी ऐकली असती."

दोघं हसले. हँडल काही बसलं नाही.

मागच्या डाव्या दारावर, आतल्या बाजूने, काचेच्या खालच्या लाकडी पट्टीवर, नाण्याएवढा पांढरा डाग होता. तेवढ्याच जागी वार्निश झिजून लाकूड उघडं पडलं होतं. मिस्त्रीने पट्टी घासली, वार्निशचे हात मारले, डाग घालवला.

मग टपाचं काम आलं.

नवा टप शिवला की बरेच दिवस तो ताणूनच ठेवावा लागतो. घाईने दुमडला तर कायमच्या घड्या पडतात. त्याला आतून अस्तर शिवायचं तर दारही लावून घ्यावं लागतं, कारण दार लागल्यावरच कापडाचा खरा ताण कळतो. म्हणून टाचणी आत बसायची आणि मिस्त्री बाहेरून दार लावायचा. तिच्या तोंडात टाचण्या. हाक मारणार कशी? बाहेर यायचं असलं की ती दोनदा वाजवायची.

टक टक.

तो हातातलं काम टाकून यायचा, दार उघडायचा. पुढे पुढे त्याच्या हाताला इतकी सवय झाली की तो बघायचाही नाही.

एकदा दार उघडताना त्याची नजर त्या पट्टीवर गेली...

डाग परत आला होता. त्याच जागी. तेवढाच.

"रोज इथेच वाजवतेस का गं?"

टाचणीने पट्टीकडे पाहिलं. "मी तर काचेवर वाजवते," ती म्हणाली.

वार्निश कच्चं राहिलं असेल, असं मिस्त्री म्हणाला. वार्निश कच्चं नव्हतं. हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

आणि मग ती दुपार.

तो पुढच्या दाराची बिजागरी कानशीने घासत बसला होता.

टक टक.

उठला. गेला. दार उघडलं. नजर अजून हातातल्या बिजागरीवरच.

"दादा, चहा."

आवाज पाठीमागून आला.

टाचणी दोन कप घेऊन मागे उभी होती. मघाशी त्यानेच तिला बाहेर काढलं होतं.

त्याने वळून आत पाहिलं. अस्तरात सुई टोचलेली, दोरा लोंबतोय. आणि नवी सीट... मधोमध दबलेली.

त्याच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली. बसलेलं माणूस उठल्यावर येते तशी.

मग गाडी त्याच्या बाजूला किंचित झुकली... आणि सावरली. पायपट्टीवर पाय देऊन कोणी उतरलं की झुकते, बरोबर तितकीच.

आवाज नाही. वास नाही. काहीच नाही.

फक्त टाचणी एक पाऊल बाजूला झाली. एखाद्याला वाट द्यावी तशी.

"का सरकलीस?"

"मी कुठे सरकले?" ती म्हणाली. "घे ना, निवतोय."

त्या संध्याकाळी मिस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. दोन्ही दारांना भोकं पाडली आणि आतून हँडलं बसवली. मालक चिडला. "मूळ गाडीत हे नव्हतं, मिस्त्री!"

"आता आहे," मिस्त्री म्हणाला.

गाडी गेली. मालक ती टप उघडून चालवतो. आजवर त्याची एक तक्रार नाही.

मिस्त्रीला वाटलं, सुटलो.

काही दिवसांनी, घरी, टाचणीच्या खोलीतून आवाज आला...

टक टक.

दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने ढकललं. टाचणी दाराला नाक लागेल इतकी जवळ उभी होती. ती शांतपणे बाहेर आली.

"हात मोडलेत का?" त्याने विचारलं.

"तू उघडलंस ना," ती म्हणाली.

पहिल्यांदा तो हसला. मग ते रोजचं झालं. खोली, बाथरूम, वर्कशॉपची केबिन. टक टक, आणि मग वाट बघणं. डॉक्टरांनी तपासलं. काही निघालं नाही.

एका रविवारी तो सकाळीच बाहेर गेला, तो संध्याकाळी आला. घरात दिवा नव्हता. त्याने तिच्या खोलीचं दार उघडलं.

ती दारामागे उभी होती. ओठ सुकलेले. पाय सुजलेले.

"अगं, कधीपासून उभी आहेस?"

"आत्ताच तर आले," ती म्हणाली.

तेव्हापासून मिस्त्री तिला एकटं सोडत नाही. तो नसला तर दार कोण उघडणार, एवढी एकच काळजी त्याला खाते. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या खोलीचं दारच बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. चौकट रिकामी. पडदासुद्धा नाही.

मागच्या गुरुवारी तो स्वयंपाकघरात होता.

टक टक.

रिकाम्या चौकटीच्या लाकडावर.

टाचणी उंबऱ्याच्या आत उभी होती. तोंडात टाचण्या नव्हत्या. ती त्याच्याकडेच बघत होती.

"ये ना गं. उघडंच आहे."

ती हलली नाही. नुसती हसली, घरंदाज, अवघडलेलं.

त्याने खूप वेळ वाट पाहिली. मग तो पुढे गेला. हवेत हात घातला, नसलेलं हँडल दाबलं आणि नसलेलं दार ओढलं.

ती बाहेर आली.

"आज उशीर केलात," ती म्हणाली.

दादाला ती जन्मापासून अरे-तुरे करते.

आता तो फरक. मिस्त्रीचं सगळं सांगून झाल्यावर टाचणीला केबिनमध्ये वेगळं बसवून विचारलं. तिला हसू आलं.

"मी कधी वाजवतच नाही हो. दादाच उगाच येऊन दारं उघडत बसतो. त्याचंच डोकं फिरलंय."

बोलणं संपलं. ती उठली, केबिनच्या दारापर्यंत गेली. दार सताड उघडं होतं.

ती थांबली.

बाहेर कानशीचा आवाज बंद झाला. मिस्त्री हात पुसत पुसत येत होता.